विसणाचं उदाहरण

सात नंबरच्या क्वार्टरच्या न्हाणीघरात दोन नळ होते. त्यातला गार पाण्याचा नळ उघडायचा नाही, असं केतकीनं पहिल्याच आठवड्यात अप्पांना बजावलं.

"का गं? बिघडलाय?"

"नळ नाही बिघडला. आकडे बिघडतात. रोज सकाळी नऊ सेकंद तुम्ही गार नळ सोडता, ते माझ्या नोंदीत दिसतं."

"विसण घेतो की."

"विसण लागणारच नाही, अप्पा. त्यासाठीच तर यंत्र आहे. बादलीत पडेल ते पाणी अंगावर घेण्याजोगंच पडेल."

"विसणाशिवायचं पाणी मढ्याला घालतात, असं आमची आई म्हणायची."

"तुमची आई चुलीवर पाणी तापवायची."

"ते आहेच," अप्पा म्हणाले. "असू दे. नळ उघडणार नाही."

अप्पा म्हणजे केतकीचे वडील, आदगोंडा मगदूम. वय एक्याऐंशी. मिरजेच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारा माणूस. आकडे बिघडतात म्हटल्यावर त्यांचा वाद संपला. शाळेत मुलं त्यांना पाठीमागे 'विसण सर' म्हणत. आठवीच्या उष्णतेच्या धड्याला ते दरवर्षी वर्गात खरोखरची बादली आणत, तिच्यात कढत पाणी ओतत, तांब्यानं विसण घालत आणि थर्मामीटर बुडवून विचारत, "किती? आधी सांगा, मग बघा." केतकीनं आयुष्यातलं पहिलं समीकरण त्या बादलीवर मांडलं होतं.

लाहौलच्या एका आडबाजूच्या खोऱ्यातली ही हिमनदी-संशोधकांची वसाहत. घरं तेलावर तापायची आणि आंघोळीचं पाणीही तेलावरच तापायचं. नोव्हेंबरनंतर टँकर वर चढत नसे. त्यातून देशभर घरगुती इंधन ठरवून मिळायला लागल्याचं ते तिसरं वर्ष. प्रत्येक क्वार्टरमागच्या टाकीत जेवढं तेल, तेवढ्यात मेपर्यंत निभवायचं. मागच्या हिवाळ्यात मार्चमध्येच तीन टाक्या कोरड्या पडल्या आणि तीन कुटुंबांनी शाळेच्या खोलीत एकत्र दिवस काढले.

केतकीचं यंत्र यावरच होतं. त्याचं नाव 'समाधान'.

तेलाचा साधा बॉयलर दोन ठिकाणी गळतो, हे ती समजावून सांगायची तेव्हा लोक बॉयलरखाली ओल शोधत. गळते ती उष्णता. एक म्हणजे, साठ-पासष्ट अंशांचं पाणी दिवसभर तयार ठेवलं की ते आजूबाजूच्या हवेला ऊब देत बसतं, आणि जितकं जास्त तापलेलं तितकी ती गळती जास्त. दुसरी जागा धुरांड्याची. तेल जळताना पाण्याची वाफही तयार होते. ती धुरांड्यातून तशीच निघून गेली तर तिच्यातली उष्णताही गेली. बॉयलरकडे परत येणारं पाणी पुरेसं गार असेल, पंचेचाळीस अंशांच्या खाली, तर ती वाफ आतच थेंब होऊन बसते आणि जवळची उष्णता सोडून देते. म्हणजे सगळा खेळ एकाच गोष्टीचा होता: पाणी गरजेपेक्षा एक अंशही जास्त तापवायचं नाही.

पण गरज किती, हे कुणाला विचारायचं? माणसांना विचारलं तर ती बटण शेवटपर्यंत फिरवतात आणि मग विसण घालतात. म्हणून समाधान विचारत नसे, बघत असे. न्हाणीच्या मोरीत एक तापमापक होता. बादलीत पडलेलं पाणी आणि मोरीतून गेलेलं पाणी यांत फरक दिसला की यंत्र समजे, की या माणसानं बादली भरून जरा निवू दिली, याला इतकं ऊन नको. पुढच्या आठवड्यात ते तेवढ्यानं खाली येई. गार पाणी आवडणाऱ्या माणसाला खोलीही थोडी गारच चालते, हे शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांबाबत खरं निघालं होतं. म्हणून पाण्याचा एक अंश उतरला की खोलीचा अर्धा अंश उतरवायचा, अशी एक ओळ केतकीनं प्रोग्राममध्ये लिहिली होती. ती एकच ओळ तिला सगळ्यात आवडायची.

आणि खरंच थंडी वाजली तर भिंतीवर लाल बटण होतं, 'अजून ऊब हवी'.

"हे दाबलं तर तुझ्याकडे काय जातं?" अप्पांनी विचारलं होतं.

"तक्रार म्हणून नोंद होते."

"कुणाबद्दलची?"

"यंत्राबद्दलची."

"म्हणजे तुझ्याबद्दलची," अप्पा म्हणाले, आणि बटणाकडे पाठ करून बसले. केतकी हसली होती.

आई गेल्यावर अप्पा मिरजेत एकटे होते. माझ्याजवळ येऊन राहा, इथली हवा कोरडी आहे, तुमच्या दम्याला बरी, असं केतकीनं फोनवर सांगितलं होतं. चाचणीला बारा घरं लागतात आणि त्यातलं एक एकट्या राहणाऱ्या वृद्धाचं असावं लागतं, हेही खरं होतं. वसाहतीतला तसा एकमेव माणूस सप्टेंबरात मुलाकडे मंडीला निघून गेला होता. दोन कारणांपैकी तिनं अप्पांना एक सांगितलं.

रविवारी अप्पा तिच्याकडे जेवायला येत. जेवणानंतर ते एक उदाहरण घालत. ती लहान असल्यापासूनचा हा नेम. उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते सांगायचं नाही, हाही नेमच. सातवीत असताना एका वजा चिन्हासाठी त्यांनी तिला रात्रीचं जेवण होऊन ताटं घासली जाईपर्यंत पाटावर बसवून ठेवलं होतं. आई रडकुंडीला आली, तेव्हा म्हणाले, "चूक दाखवून देणं म्हणजे विद्यार्थ्याचा अपमान. तिला डोकं आहे."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "लिहून घे. पंधरा लिटर पाणी, बेचाळीस अंश. त्यात एक लिटर घातलं, दोन अंशांचं. मिश्रण किती?"

केतकी फोनवर पुण्याहून आलेला निरोप वाचत होती. "साडेएकोणचाळीस."

"आता पुढच्या खेपेला पंधरा लिटर साडेएकोणचाळीसचंच घेतलं. पुन्हा एक लिटर दोन अंशांचं. असं दर खेपेला. शेवटी काय होईल?"

"भूमिती श्रेढी. दर खेपेला फरक पंधरा छेद सोळा पट होतो." तिनं मान वर केली नाही. "शेवटी दोन अंश. पण त्याला अनंत खेपा लागतील."

"बरोबर. दहापैकी दहा."

"झालं?"

"उत्तर आलं तुला. उदाहरण नाही समजलं."

"उत्तर आलं म्हणजे समजलंच की, अप्पा."

"बघ परत कधीतरी," अप्पा म्हणाले आणि कानटोपी चढवून निघाले.

पुण्याहून आलेला निरोप घारपुऱ्यांचा होता. मंजुरीसमितीचे ते प्रमुख. सीमेलगतच्या अकराशे घरांना यंत्र बसवायचं तर बारा घरांची सरासरी बचत पंचवीस टक्क्यांच्या वर हवी, आणि तुमची बावीसवर अडकली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. केतकीला कारण ठाऊक होतं. खोलीचं तापमान अठराच्या खाली जाऊ नये अशी एक मर्यादा तिनं सुरुवातीला घातली होती, सवयीनं, जिन्याला कठडा घालावा तशी. काही घरं तिथपर्यंत आलीच नसती. पण जी आली असती ती तिथेच थांबली असती. बटण आहेच की, तिनं विचार केला. ज्याला थंडी वाजेल तो दाबेल. तिनं ती मर्यादा काढली आणि टिपणात लिहिलं, "वापरणाऱ्याच्या निवडीवर विश्वास."

नोव्हेंबरच्या मध्यावर सात नंबर सगळ्यांच्या पुढे गेलं. गार नळाची नोंद शून्य, बटणाची नोंद शून्य, समाधानाचा आकडा शंभरपैकी शंभर. केतकीनं तो आलेख घारपुऱ्यांना पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "कोण आहेत हे गृहस्थ? योगी?"

"माझे वडील," तिनं लिहिलं. तिला बरं वाटलं.

ती सात नंबरला जायची नाही असं नव्हतं. आठवड्यातून दोनदा कामावरून परतताना जायची. बाहेर उणे चौदा असायचं. दार उघडून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि गालांना एकदम मऊ वाटायचं. "किती छान ऊब आहे तुमच्याकडे," ती म्हणायची. उणे चौदातून आलेल्या माणसाला सोळा अंशांचीही ऊब वाटते, हे ती विद्यार्थ्यांना शिकवू शकली असती. चहाचा कप संपेपर्यंत बसून ती उठायची. कोट काढायची नाही.

अप्पांचा स्वयंपाक आंगमो करायची. वसाहतीच्या खालच्या गावातली बाई, पन्नाशीची, बोलणं तुटक हिंदीत. एकदा तिनं केतकीला वाटेत गाठलं.

"मॅडम, बाबाजी का हाथ बहुत ठंडा रहता है।"

"बूढ़े लोगों का रहता है।"

"मेरी सास का नहीं रहता," आंगमो म्हणाली. मग कुणी ऐकत नाही असं बघून ती म्हणाली, "आपकी मशीन में हमारा चूल्हा जितना दम नहीं है।"

केतकीला राग आला. आंगमोच्या घरी याकाच्या शेणाच्या गोवऱ्या जळत आणि दर हिवाळ्यात तिच्या घरातलं कुणीतरी धुरानं खोकत असे. तिला चुलीचं कौतुक असायचंच.

शेवटच्या रविवारी अप्पा उशिरा आले. स्वेटरावर स्वेटर, त्यावर शाल, बटणं एक घर सोडून लावलेली. जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिथेच धरून ठेवला.

"उदाहरण घाला की," केतकी म्हणाली. ती खुशीत होती. सरासरी पंचवीसला टेकली होती.

"आठ सक…" अप्पा म्हणाले. "आठ सक चौपन्न. तर एका…"

"आठ सक चौपन्न? विसण सर, तुमचा अर्धा गुण गेला."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. जीभ जड झाल्यासारखं ते हळू म्हणाले, "अठ्ठेचाळीस."

"आता बरोबर."

"थंडी…" ते म्हणाले.

"वाजतेय? बटण दाबा ना मग. त्यासाठीच आहे ते."

"नाही," अप्पा म्हणाले. "आता वाजत नाही. तेच सांगत होतो."

तिला ते चांगलं लक्षण वाटलं. म्हातारं शरीर सतत गार राहिलं की आधी कुडकुडणं मंदावतं, मग विचार मंदावतात आणि त्यानंतर थंडी वाजायची थांबते, हे तिनं नंतर, गुरुवारी, वसाहतीच्या डॉक्टरकडून ऐकलं.

गुरुवारी सकाळी आंगमो नाश्ता घेऊन गेली तेव्हा अप्पा खुर्चीत बसले होते. डॉक्टर तरुण होता. त्यानं दोनदा थर्मामीटर लावून पाहिला.

"बाहेर गेले होते का रात्री?"

"नाही."

"खिडकी उघडी होती?"

"नाही. का?"

"असं अंग घरात बसून होत नाही," तो म्हणाला. मग केतकीच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं वही ओढली आणि दाखल्यावर वय आणि हृदय एवढंच लिहिलं.

वसाहतीत मराठी दुसरं कुणी नव्हतं. शेवटची आंघोळ केतकीच घालणार होती. कंपाउंडर आणि आंगमो मदतीला थांबले. तिनं न्हाणीत बादली लावली. नळावरच्या छोट्या पडद्यावर आकडा उमटला: २५.९. तिनं हात घातला. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा बंद करून सुरू केलं. २५.९. खोलीचा आकडा दाराशेजारी होता. तो तिनं इतक्या दिवसांत वाचलाच नव्हता, कारण तो तिला तिच्या टेबलावर दिसायचा, आलेखाच्या टोकाला, आणि तिथे तो बचत म्हणून दिसायचा. १३.

अप्पांना सव्वीस कसं आवडेल? ती बादलीपाशी उकिडवी बसून विचार करत राहिली. गार नळ तर शून्य आहे.

आंगमो न्हाणीबाहेरच्या बोळात गेली. पाइप गोठले तर असू दे म्हणून प्रत्येक क्वार्टरच्या बोळात पाण्याचा एक निळा पिंप ठेवलेला असे. त्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडून तिनं तांब्या भरून आणला आणि बादलीत ओतायला वाकली.

"ये क्या?"

"बाबाजी रोज़ डालते थे। एक लोटा। बोलते थे, नल मना है, ड्रम मना नहीं है।"

केतकीनं तिचं मनगट धरलं.

नळ उघडणार नाही म्हणाले होते. नळ उघडला नव्हता. पंधरा लिटरांत एक लिटर. मोरीतलं पाणी अडीच अंशांनी गार. यंत्राला वाटलं, निवू दिलं. पुढच्या आठवड्यात बादली तेवढी उतरली, तांब्या तेवढाच राहिला, कारण विसण हे पाणी ऊन आहे म्हणून घालायचं नव्हतं, जिवंत आहोत म्हणून घालायचं होतं. पंधरा छेद सोळा, आठ आठवडे. चाळीसचे तेवीस दशांश नऊ. अधिक दोन. बोटं न मोजता उत्तर आलं आणि पडद्यावरही तेच होतं.

दहापैकी दहा.

त्यांना ऑक्टोबरातच कळलं होतं. त्यांनी उदाहरण घातलं होतं, आणि विद्यार्थिनीला डोकं आहे म्हणून वाट बघत राहिले होते. एक तांब्या न घेता राहिले असते तरी चाललं असतं. किंवा बटण दाबलं असतं तरी. पाटावर बसवून ठेवण्याची त्यांची सवय. या वेळी ते स्वतःही शेजारी बसले होते, एवढंच.

"डालूँ, मॅडम?"

"नहीं," केतकी म्हणाली. "आज नहीं डालते।"

शनिवारी घारपुरे पडद्यावर आले. पांढरे केस, मागे पुस्तकांची कपाटं. त्यांनी आधी दोन मिनिटं नीट शोक व्यक्त केला. मग म्हणाले, "सात नंबरचं काय करायचं? तुम्ही म्हणाल तसं."

केतकीनं रात्रभर आकडे मांडले होते. सात नंबरची बचत एकसष्ट टक्के. ते धरून बारा घरांची सरासरी पंचवीस दशांश पंचवीस. ते सोडलं तर बावीस. आणि अठराची मर्यादा पुन्हा घातली तरी बावीसच्या आसपासच.

"खोलीला खालची मर्यादा हवी," ती म्हणाली.

"हवी ना. पुढच्या आवृत्तीत घालू. आत्ता घातली तर चाचणी नव्यानं करावी लागेल, म्हणजे पुढचा हिवाळा. या हिवाळ्यात अकराशे घरं जुन्या बॉयलरवर. मार्चमध्ये किती टाक्या कोरड्या पडतात ते तुम्हाला माहीत आहे." त्यांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. "तुमच्या वडिलांना हृदयाचं काही होतं का?"

"दाखल्यावर आहे."

"मग झालं तर. तुमचा निर्णय, केतकी. मी दडपण आणत नाही."

त्यांनी आणलंही नव्हतं. ते पाणी पीत वाट बघत राहिले. अकराशे घरांतल्या लोकांना मिरजेची सवय असण्याचं कारण नाही, तिनं स्वतःला सांगितलं. तांब्याभर विसण कोण घालतं आता.

"सात नंबर धरा," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं वापराच्या सूचनांचं पत्रक उघडलं. दहा सूचना होत्या. चौथी तिचीच होती, पहिल्या आठवड्यात घातलेली: 'आंघोळीच्या वेळी गार पाण्याचा नळ उघडू नये.' तिनं खाली अकरावी लिहिली. 'पाण्यात विसण घालू नये. विसण घालत असल्यास तसे यंत्राला कळवावे.' वाचून पाहिली. एवढं तरी, असं तिला वाटलं. मग पत्रक हिंदी करायला सिमल्याला नेगींकडे पाठवलं.

नेगींचा फोन तासाभरात आला. सज्जन, घाईत असलेला माणूस.

"मैडम, ये ग्यारह नंबर में एक शब्द है। विसण। ये क्या होता है?"

"गरम पानी में जो ठंडा पानी मिलाते हैं, नहाने से पहले।"

"उसको क्या बोलूँ? हमारे पास तो इसके लिए कोई शब्द नहीं है।"

"ठंडा पानी लिख दीजिए।"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "फिर तो ये चार नंबर में आ गया, मैडम। ठंडा नल न खोलें। एक ही बात दो बार हो रही है। और पन्ना भी दस में पूरा बैठ रहा है। काट दूँ?"

केतकी खिडकीतून बघत होती. सात नंबरच्या धुरांड्यातून पांढरा धूर निघत होता, अगदी पातळ, थेंब आत बसल्यावर उरतो तेवढाच. आत कुणी नव्हतं आणि तक्रारही नव्हती.

"काट दीजिए," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तिनं आपल्या न्हाणीत बादली लावली. पाणी चाळीस अंशांचं पडलं, नेमकं अंगावर घेण्याजोगं. तिनं ते तसंच घेतलं.